इतर

यादीत सगळं आहे: रस्ता, पाणी, दिवाबत्ती,
गटार, मोकाट कुत्री, जन्ममृत्यूचे दाखले.
तर नाही.
खाडी ओलांडायची तर, तिच्या धक्क्याची चौथी पायरी
नारळी पौर्णिमेपासून हलते आहे.
तिला रकाना नाही.

मी ग्रामपंचायतीची ऑपरेटर. मानधन आलं तर तिमाहीला.
भागीरथी जाक्कर टोपली दाराबाहेर ठेवून आली,
हात पदराला पुसून म्हणाली, "लिव. पायरी."
मी यादी वर-खाली केली, शेवटी दाबलं: इतर.
'इतर'मध्येच 'तर' आहे,
हे मला टाईप करताना दिसलं.

फोटो जोडला नातवानं काढलेला.
आठव्या दिवशी उत्तर:
छायाचित्रात केवळ पाणी दिसते. तक्रार निकाली.

भरतीचा फोटो.
तिकडच्या टेबलाला कोण सांगणार
की आमची पायरी दिवसातून दोनदाच असते?

पूर्वी बरं होतं, असं मी म्हणणार नाही.
पूर्वी ती बाकड्यावर बसायची, भाऊसाहेब मीटिंगला असायचे,
दोन सरंगे पोचले की अर्ज आत जायचा.
आत म्हणजे कपाटात.

मग अमावास्येची सुकती धरली. पहाटे साडेपाच.
बाबाजान मुकादमनं होडी बाजूला घेतली, बॅटरी धरली.
भागीरथी गुडघाभर चिखलात उतरली:
"माजा पाय येऊ दे फोटूत. कितपत खोल, कळंल त्यास्नी."
मी सड्यावर धावले, करवंदीच्या जाळीपाशी,
तिथे दोन काड्या रेंज मिळते.
फोटो गेला. पाय, पायरी, एक पळता खेकडा.

आता एकोणतीस जणांच्या तक्रारी आहेत,
सगळ्या इतर.
बाबाजाननं नंबर खडूनं लिहिलेत होडीच्या आतल्या फळीवर,
लाट आली की पुसतात, तो पुन्हा लिहितो,
माझ्याकडून तपासून घेतो.
खाडीच्या मध्यावर रेंज येते.
तिथे पोचलं की सगळे माना खाली घालतात,
कॉलेजची पोरं, पोस्टमन, कोंबड्या घेऊन निघालेली सकिना,
वल्ह्याचा तेवढा आवाज.

"काय म्हणतंय?" भागीरथी विचारते.
"प्रक्रियेत."
"प्रकृतीत? अजून?"
कुणी तिला सुधारत नाही.
आजाऱ्याची चौकशी करावी तशी ती रोज करते.

मग होडी धक्क्याला लागते.
फोन खिशात, फोन कमरेला,
पहिला उतरलेला मागे वळून हात देतो,
आणि चौथीवर
आम्ही कुणीच पूर्ण वजन टाकत नाही.