सराईत

रजिस्टरात त्याच्या नावापुढे लाल शाईत एकच शब्द आहे:
सराईत.
माझ्या आधीच्या हवालदाराने लिहिलेला,
मी अधोरेखित केलेला.
गवंड्याला, सुताराला, पोहणाऱ्यालाही आपण हाच शब्द लावतो,
तेव्हा मात्र ती शाबासकी असते.

नाव उखर्डू दौलत. वय त्रेचाळीस.
चार भावंडं गेल्यावर झालेला,
म्हणून मायनं पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवला
आणि शेजारणीनं उचलून परत तिच्या ओटीत घातला.
मरणाला वाटावं, टाकलेलं आहे, कशाला न्या.
"मरननी सोडी दिधं, दादा," तो म्हणतो,
"पोलिसस्नी उचली लिधं."

मी त्याला अकरा वेळा उचललं.
पहिल्यांदा धुळ्याच्या स्टँडवर, शिरपूरच्या गाडीच्या दारात,
बोटांत एका मास्तरांचं पाकीट.
उघडलं तर आत चष्मा.

दर वेळी सुटून यायचा
आणि पांझरेकाठची खोली दुसऱ्याला दिलेली असायची.
एकदा एका हॉटेलवाल्याने ठेवला कपबश्यांना,
अट एकच: गल्ल्याकडे पाठ करून धुवायच्या.
तीन दिवस धुतल्या पाठ करून.
चौथ्या दिवशी गल्ल्यात पन्नास कमी.
ते शेठच्या पोरानं घेतलेले, हे मला कळलं
तोवर उखर्डू आत होता
आणि माझे कागद वर गेले होते.

एकवीरेच्या जत्रेआधी आम्ही अशांना गोळा करतो,
खबरदारी म्हणून.
यंदा नव्या फौजदार पावरा मॅडमनी यादीवर बोट ठेवलं:
"गर्दीत कुणाचं लक्ष नाही, हे याच्याइतकं कोणाला कळतं?
हरवलेल्या पोरांच्या मंडपात बसवा. रोजी द्या. व्हाउचरवर."
मी हसलो.
मग व्हाउचरबुक शोधायला गेलो.

पहिल्याच दिवशी सात पोरं.
रडायला लागायच्या आधीच आणायचा.
कसं रे, विचारलं, तर खाली बघत म्हणाला,
"मायना हात सुटना का पोऱ्या पहिले वर दखस.
मंग मायना जीव पोऱ्यामा आडकस.
तवय मी पाकीटले हात घालू."
अशा किती जत्रा, किती पोरं, मी विचारलं नाही.
रात्री भोंगा बंद झाल्यावरही
तो मंडपाच्या खांबाला टेकून जागाच होता.

तिसऱ्या रात्री कापडण्याच्या एका बाईची पोत गेली.
सगळी मान वळली ती एकाच दिशेला.
तो उभा होता कडेवर पोरगी घेऊन,
एका हातात तिची एक चप्पल.
आणि माझा हात, इथे खोटं लिहिणार नाही,
माझा हात आधी माझ्या मागच्या खिशाकडे गेला.

त्यानं पाहिलं. त्याला तेवढं दिसणारच.
बोलला काही नाही.
पोरीचा शेंबूड स्वतःच्या बाहीला पुसला.

पोतीचा तपास चालू आहे.
व्हाउचर झालं दोन हजार आठशेचं, त्यावर अंगठा.
पावरा मॅडमची बदली होणार म्हणतात.
पुढच्या चैतापर्यंतच्या अकरा महिन्यांचं
कोणत्याच फॉर्मात रकाना नाही.

काल सोमवार. हजेरीला आला.
लाल शाई खोडता येत नाही, नियम आहे.
पण शब्दापुढे बोटभर जागा होती,
तिथे निळ्या पेनानं लिहिलं: पोरं शोधण्यात.
वरून विचारणा आली तर बघू.

"काय लिखं, दादा?"
त्याला वाचता येत नाही.
म्हटलं, बस, चहा सांगतो.

तो बसला
भिंतीकडे तोंड करून,
माझ्या टेबलाच्या खणाकडे पाठ.

मी म्हटलं, उखर्डू,
इकडे तोंड कर.