बोईट जिवंत ठेवण्याची रीत

दिवाळ्याच्या जेट्टीवर रात्री सव्वाअकराला
जोमादादांनी बादलीचं झाकण उचललं:
सात बोईटं, वीतभर,
आणि मत्स्यालयातला छोटा पंप,
सेल संपत आलेला, उचकी लागल्यासारखा.

माझ्या डब्यात तेरा खोटे मासे.
एक चांदीचा, पोटात खुळखुळणारे मणी,
एक रबरी कोळंबी, अंधारात हिरवी पडणारी,
एक लाल डोक्याचा, साडेअकराशेचा,
ज्याची किंमत मी घरी दोनशे सांगितली आहे.
मी खारघरला सॅम्पल फ्लॅट दाखवतो.
तिथल्या टेबलावरची सफरचंदं दर सोमवारी मीच पुसतो,
तेव्हा खोट्याला मी नावं ठेवणार नाही.

"ल्हान जिताऱ्याला चालंल तुजा," जोमादादा म्हणाले.
"पन मोटा, दहा किलोच्या वरचा,
तो डोल्यांनी नय खात. आंगानी आयकतं तो."
आणि स्वतःच्या कुशीवरून बोट ओढून दाखवलं
कानापासून कमरेपर्यंत,
जिताड्याच्या अंगावरून जिथून ती रेघ जाते.
त्यांचं खाजण आता सेक्टर आहे.
नंबर त्यांना पाठ नाही.

भांगाची ओहोटी. पाणी ओढत नव्हतं, नुसतं सरकत होतं.
मी चांदीचा फेकला पुलाच्या खांबाच्या सावलीत.
ओढ, थांब. ओढ, ओढ, थांब.
सगळी करामत थांबण्यात,
दुखावलेला मासा पोहायचं विसरतो तेवढंच.
चाळीस वेळा फेकला.
एकदा निर्माल्याची पिशवी आली, जड,
क्षणभर हातात जीव आणणारी.

"इकरं ये. गरी लाव."
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशन गणपतीनंतर ढकललेलं.
आजवर नातू लावायचा, तो कतारला गेला.
मी कधी जिवंताला टोचलेलं नाही.
म्हणून तर ते तेरा.

"पाठीवरच्या काट्याच्या मागं. कन्याच्या वर.
कना लागला त मेला.
मेलेला कोन खातं? शिंगाली."

बोईट मुठीत: ओलं, थंड,
आणि आत कुणीतरी दार वाजवत असलेलं.
गरीचं टोक खवल्याखालून गेलं तेव्हा
नखाने कागद फाटावा इतका आवाज झाला.
मी काहीतरी पुटपुटलो.
जोमादादांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

पुढचा तासभर ते दोरीतून बोलत होतं.
टक. टकटक. तर्जनीच्या पेरावर.
सातव्या महिन्यात बायकोने हात धरून
पोटावर ठेवला होता, तसं काहीसं.
हे मी जोमादादांना सांगितलं नाही.

मग ते घाबरलं.
पाण्यावर काही दिसायच्या आधी,
आम्हाला काही कळायच्या आधी.
टकटक राहिली नाही, सलग थरथर झाली,
आणि जोमादादांनी न बघताच माझं मनगट धरलं.
"आला. हलू नको."

ओल्या गोणीवर काठी बसावी तसा दणका.
रीळ ओरडलं. चार वाव दोरी गेली,
पाचवा अर्धा,
आणि सैल.

ओढून घेतलं तर बोईट परत आलेलं.
एका कुशीची खवलं खरडून गेलेली
पॉलिश पेपर मारल्यासारखी,
पण कल्ले चालू.
मी म्हणालो, दुसरं लावू? की हेच टाकू?
की लाल डोक्याचा बघू, तो इथेच असेल अजून?
जोमादादांनी ते हातात घेतलं,
अंगठ्याने जखम चाचपली, गरी सोडवली.
"याचा काम झाला," म्हणाले
आणि पायरीवर बसून पाण्यात सोडून दिलं.

बादलीत सहा राहिली.
पंप कधी बंद पडला ते कुणाला कळलं नव्हतं.
दोन पोट वर करायला लागलेली.
मी बाही दुमडून हात घातला
आणि पाणी ढवळत राहिलो, 
बाजूला उघडा डबा, त्यातले सगळे डोळे टक्क.

"हलू हलू," जोमादादा म्हणाले.
"ती बी आयकतान."