पाचशे पंचवीसच्या सहाशे पंचवीस

अशोक चौकात, साडी सेंटरच्या डोक्यावर
आमचं भुईकोट केबल.
दोन खोल्या, एक कूलर.
कूलर माणसांसाठी नव्हता, कन्व्हर्टरसाठी होता,
आणि एप्रिलमध्ये हत्तुरे मालकसुद्धा
त्या पेटीच्या पाठीला पाठ लावून बसत.

जे येईल ते त्या पेटीतून काढायचं,
सात वाजताच्या बातम्यांना चालेल असं करायचं.
यू-मॅटिकवरची गड्ड्याची जत्रा,
बुरशी चढलेलं कुणाचं लग्न,
नगरसेवकांचं भाषण, ज्यात आवाज आधी यायचा
आणि ओठ मागाहून.
मी स्पिरिटच्या चिंधीने हेड पुसायची,
वाकडी पिन दाताने सरळ करायची,
चित्र थरथरायचं, आडवं व्हायचं,
मग एकदाचं उभं राहायचं.

नरसव्वा गुंडेटी आल्या तेव्हा लाइट नुकतीच परतली होती.
बोटांना तंबाखूचा वास, पदरात कॅसेट.
मुलाने डेट्रॉइटहून पाठवलेली, शहाण्णव साली.
शेजारच्या व्हीसीआरवर लावली तर
मुलगा काळापांढरा, आणि सारखा वर सरकणारा,
कुणीतरी कौलातून ओढून घेतंय असा.
"बिघडला का गं तो?"

नाही आजी, मी म्हटलं, तिकडची रीत वेगळी.
तिकडे सेकंदाला तीस चित्रं, आपल्याकडे पंचवीस.
हे मी मराठीत सांगितलं,
मालकांनी कानडी हेल लावून तेच सांगितलं,
मग खालच्या दुकानातल्या पोराने तेलुगूत.
एवढं बदलत बदलत त्यांच्यापर्यंत पोचलं
तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,
"मग ती पाच? एक्कड पोताय?"

कोणी काही बोललं नाही.
"हजार विड्या नेल्या की चेकर पन्नास छाट काढतो,"
त्या म्हणाल्या, "त्या कुठं जातात मला ठाऊक आहे.
त्याच्या खिशात.
तुमच्या पेटीला खिसा आहे का?"
मालक हसले. मी नाही.
कारण मी अजून शंभर ओळींचं सांगितलंच नव्हतं :
तिकडच्या चित्राला पाचशे पंचवीस, आपल्याला सहाशे पंचवीस लागतात,
कमी पडतात त्या पेटी मनाने भरते,
वरची ओळ बघते, खालची बघते,
आणि मध्ये ठेवून देते काहीतरी, शोभेलसं.

बेचाळीस मिनिटांच्या टेपला बेचाळीस मिनिटं लागतात.
घाई चालत नाही, म्हणून सगळं पाहिलं.
सत्तय्या फ्रिज उघडून दाखवतो.
सत्तय्या बर्फात उभा, दुसऱ्याच्या गाडीला टेकून.
अम्मा, इथं सगळं छान आहे.
मग कॅमेरा बंद करायला विसरतो.
आठ मिनिटं तो फक्त
हीटरवर मोजे वाळत घालतो, उलटतो,
पुन्हा उलटतो,
एक वास घेऊन बघतो.

"ते शेपूट काप," मालक म्हणाले, "रिळ वाचेल."
मी बटणावर बोट ठेवलं होतं.
नरसव्वा पुढे वाकल्या होत्या, काचेला नाक लागेल इतक्या.
"आधी लोकांशी बोलत होता," त्या म्हणाल्या.
"आता घरात आहे."
पैसे द्यायला लागल्या तर
मालकांनी निम्मेच घेतले, आणि दिवसभर चिडचिड केली.

परवा त्यांचा नातू आला, पेनड्राइव्ह घेऊन.
आजी गेली, चुलते त्याआधीच.
तीच कॅसेट, माझ्याच अक्षरातलं लेबल,
आता फाइल पाहिजे, मोठ्या टीव्हीवर, भिंतभर.
"मॅडम, ताणून बसवा ना, दोन्ही बाजू काळ्या राहतात."
ताणून दाखवलं. सत्तय्या रुंद झाला,
खात्यापित्या घरचा, मोजे टॉवेलाएवढे.
नातू खूश होता.

तो चहाला खाली गेल्यावर
मी आकार होता तसा परत केला.
काळ्या पट्ट्या राहू देत.
पेटीने आधीच खूप भरलंय तिच्या मनाने,
आणि सेकंदाला पाच अजून येणं आहेत
कुणाच्या तरी खिशातून.