कोरी पाटी

छत्तीस वर्षांनी 'फॅदम सेव्हन' परत येतंय हे कळलं
तेव्हा मी ओव्हनमधून मासा बाहेर काढत होते.
रेडिओवर निर्माता बोलत होता, तरुण आवाज, लंडनचा:
"आम्ही पाटी कोरी करून सुरुवात करतोय."

वेल्सच्या या टोकाला कुणी असं बोलत नाही.
आमचा डोंगरच पाटीच्या दगडाचा.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
थडग्यांवरची नावंही पाटीवर.
पाटी पुसली की हाताला काय लागतं
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तेव्हा विश्वातले सगळे ग्रह आमच्या खाणीत होते.
सोमवारी एक, मंगळवारी त्याचा शत्रू,
मध्ये फक्त एक डबकं
आणि कॅमेऱ्याची फिरवलेली मान.
कॅप्टन हॅरोगेट आमच्या आईच्या छत्रीखाली उभा राहून
मानवजातीच्या भवितव्याचे संवाद पाठ करायचा.
हेविन आणि मी कड्यावर पोटावर पडून बघायचो.
यानाचा दरवाजा दोन माणसं मागून ओढायची,
डोळ्यांनी पाहिलं होतं आम्ही.
तरी शनिवारी संध्याकाळी
तो आपोआपच उघडायचा.

बाराव्या भागाला दगडी माणसं हवी होती, माणशी पाच पौंड.
बाबा पाळी संपवून तसेच रांगेत उभे राहिले.
मेकअपवाली मुलगी राखाडी रंगाचा डबा हातात धरून
त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,
"तुम्ही झालातच की तयार."
घरी आम्ही किती हसलो.
बाबाही हसले, मग खोकले,
मग बराच वेळ नुसते खोकले.

तर, काल रात्री पहिला भाग.
शेजारचा मॅक्सेन आला होता, वय नऊ, बिस्किटांसकट.
हेविन फोनवर, पर्थहून. त्याच्याकडे पहाटेचे चार.

तक्रारी सांगू?
भिंती हलत नाहीत.
कॅप्टन आता बाई आहे. ही तक्रार नाही,
तो कोट कुणाला बसला असेल तर तिलाच.
पण प्रत्येकाला एकेक दुःखी बालपण वाटलंय,
खलनायकालासुद्धा.
पूर्वी तो बिचारा नुसता वाईट होता.
ग्रह संगणकात काढलेत. सुंदर आहेत,
इतके सुंदर की कुणाच्या बुटाला चिखल नाही.
हेविनने विचारलं, "आपला डबक्याचा ग्रह?"
म्हटलं, "नाही रे. जगबुडी झाली असेल तिथे."

किटली लावायला मी उठलेही होते.
तेवढ्यात यानाचा दरवाजा उघडला.

तोच आवाज.
आधी किंचाळी, मग धाप, शेवटी बारीक शिट्टी.
खाणीच्या उतारावरच्या वाघिणीचा ब्रेक तो.
बाबा त्या वाघिणीवर एकोणीस वर्षं.
आवाज गोळा करणारा माणूस टेप घेऊन दुपारभर बसला होता,
"पुन्हा ओढा," म्हणायचा, बाबा पुन्हा ओढायचे,
अकरा वेळा, आणि चहा पाजला म्हणून
बारावी फुकट.
(शेवटच्या हिवाळ्यात तीच शिट्टी त्यांच्या छातीतून यायची.
आम्ही कुणीच तसं बोललो नाही.)

सगळं बदललं त्यांनी आणि एवढंच ठेवलं.
ठाऊक होतं म्हणून, की ठाऊक नव्हतं म्हणून,
कोण जाणे.

श्रेयनामावलीत बाबा नव्हते.
तेव्हाही नव्हते.
हेविन गप्प. त्याच्या खिडकीबाहेरचा कुठलासा पक्षी
तेवढा बोलत होता.
मॅक्सेन बिस्कीट मोडता मोडता म्हणाला,
"दार भारी आहे. आपोआप उघडतं ना?"

"हो," मी म्हटलं. "आपोआप."

त्या निर्मात्याला मी माफ केलंय.
दुसऱ्या भागापर्यंत.