हवेला वाट

शिरोलीत, तिसरी हीट चालू असताना
पोरगा म्हणाला, पप्पा, तुम्ही कोच लावा.
कोच? मला? कुठल्या आखाड्यात उतरायचंय?
चोपन्न वर्षांचा मी. लोखंडाच्या रंगावरनं
सांगतो किती डिग्रीला आलंय.

बाई आल्या. सुनेत्रा हुपरीकर.
टाकाळ्यावर घर, बँकेतनं निवृत्त,
पर्समध्ये पाण्याची बाटली आणि एक जुनं घड्याळ.
तासाची फी ऐकली आणि मनातल्या मनात
स्क्रॅपच्या भावात बसवून बघितली.
अर्धा टन भरत होती.

वाटलं, सांगतील: असं करा, तसं करू नका.
मी नवी डायरीसुद्धा काढली होती.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
सोमवारच्या मीटिंगला कोपऱ्यात बसल्या,
मोडका व्हाइटबोर्ड टेकवलाय तिथं,
आणि शेवटी एक चिठ्ठी सरकवली.
सत्तेचाळीस.
"हे काय?"
"तासातली तुमची मिनिटं."
"आणि उरलेली तेरा?"
"त्यातली नऊ चहाची."

म्हणजे अकरा माणसांना चार.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
चार? नशीबवान आहेत.

पुढच्या वेळी त्यांनी विचारलं,
तुमचे वडील कसे बोलायचे?
मी हसलो. अण्णा ओरडायचे.
क्युपोला धडधडायचा दिवसभर,
ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही.
"क्युपोला अजून आहे?"
नाही. मोडून वीस वर्षं झाली.
इंडक्शन भट्टी नुसती गुणगुणते.
बाईंनी पुढं काही विचारलं नाही.
बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायल्या,
आणि मी बसून राहिलो
अण्णांचा आवाज घशात घेऊन.

नवीन पोराला तीस वर्षं मी हेच शिकवतोय:
साचा बाहेरनं ठणठणीत दिसतो, भुलायचं नाही.
धातू ओतला की आत वायू होतो.
त्याला वाट ठेव. तारेनं भोकं पाड.
नाहीतर तो आतच बसतो, कास्टिंग वरनं गुळगुळीत,
आणि पोकळी उघडते गिऱ्हाइकाच्या लेथवर.

नंतरच्या सोमवारी मी गप्प बसलो.
सोपं नव्हतं. कंप्रेसर ऐकू आला, पंखा ऐकू आला,
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलेलंही ऐकू आलं.
मग कोअर शॉपचा इलाही मुजावर,
बावीस वर्षांत ज्याचा "व्हय मालक" एवढाच आवाज मला माहीत,
टेबलाकडं बघत म्हणाला,
"व्हेंटची तार बारीक आलीया. दिवाळीपास्नं."

शिमगा होऊन गेला होता.
मग आत्तापर्यंत तोंड शिवलं होतं का तुझं?
वाक्य ओठापर्यंत आलं, तापलेलं.
कोपऱ्यात घड्याळ. गिळलं.
घसा भाजला, खरंच भाजला,
आणि म्हणालो, अजून काय?

अजून बरंच होतं.
वाळूतला ओलावा. रात्रपाळीचा लॅडल.
परचेसच्या चौगुल्यांनी चार रुपये वाचवले,
त्याची फुशारकी मीच मारली होती चेंबरमध्ये.

रिजेक्शन नऊवरनं साडेपाचवर आलंय.
बाईंमुळं की तारेमुळं, हिशोब लागत नाही,
ऑडिटवाल्याला विचारून बघितलं.
गुरुवारी पुन्हा ओरडलो एकावर,
गेटपर्यंत ऐकू गेलं म्हणे.
नंतर त्याच्या मशीनजवळ जाऊन उभा राहिलो,
काय बोलायचं ते सुचेना,
त्यानंच स्टूल पुढं केलं.

शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी,
वीतभर तार असते हल्ली. जाडी.
मीटिंगमध्ये बोटांत फिरवत बसतो.

परवा जाता जाता इलाही म्हणाला,
"मालक, तुमी गप बसला की भ्या वाटतंय."
म्हटलं, मलाबी.