चुकीचा अंक

साक्सौलच्या यार्डात रात्री उणे एकतीस.
उलबोसिन मालगाडीच्या कडेने चालते,
टाकीटाकीवरचं दव हातमोज्याने खरवडते,
आकडा वहीत उतरवते.
तिच्या नावाचा अर्थ : मुलगा होवो.
चार बहिणींनंतर बापाने वर धाडलेला अर्ज.
उत्तर आलं नाही,
अर्ज तेवढा तिला हाक मारायला उरला.

बाविसावी टाकी. तेलाची. ७३९३९१३३.
कचेरीतल्या यंत्राने आकडा परत केला.
यंत्राचं म्हणणं साधं :
पहिले सात अंक घ्या, एकाआड एक दुप्पट करा,
आलेले अंक सुटे करून मिळवा. छत्तीस.
चाळिसाला कमी किती? चार.
मग शेवटी हा तीन कुठला?
ती पुन्हा गेली, टॉर्च टेकवून बघितलं.
चारच होता, अर्धा गंजाने खाल्लेला.

टाकी चाराच्या नावाने अरालकडे गेली,
दोनाने भाग जाणारी, तिनाने जाणारी,
कुणाच्याही वाटणीला येणारी.
तीन वहीत राहिला. त्यावर एक आडवी रेघ.

उगाच, रात्र जाईना म्हणून, तिने भागून पाहिलं.
सातने बाकी दोन. अकराने चार. तेराने आठ.
आता सोळा येणार, असं वाटून ती हसलीसुद्धा.
सतराने तेरा.
मग सोडवेना.
शेगडी, काळा चहा, वीतभर पेन्सिलचं बोटभर झालं.
मार्चमध्ये ८५९७. बाकी ४९३३.
त्यापुढे भागून बघायची गरज नसते.
कुणालाच भाग गेला नव्हता.

चहाचा थेंब पडला तो नेमका शेवटच्या अंकावर.
उरलं तेही तिने भागून पाहिलं. तेही मूळ.
मग मुद्दामच बोटाने झाकत गेली :

७३९३९१३३
७३९३९१३
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७

एकही फुटेना.
(बहिणी अशाच एकेक करून गेल्या,
ओरेनबर्गला, अल्माटीला, धाकटी मातीत.
घर लहान होत गेलं, पण वाटलं गेलं नाही.)

उजवीकडे एखादा अंक जोडून मात्र बघू नये.
सम आणि पाच तर सोडाच,
एक किंवा सात लावला की तिनाने भाग जातो,
तीन आणि नऊ थोडे तग धरतात, मग तेही फुटतात.
अशा जातीच्या संख्यांत हीच सगळ्यांत मोठी,
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
तिला एवढंच कळलं, की हिला पुढे वाढ नाही
आणि मागे कितीही छाटलं तरी चालतं.

यार्डाच्या तोंडाशी आता कॅमेरा बसलाय.
वह्या जमा करायच्या होत्या.
खाडाखोडीच्या प्रत्येक रेघेसमोर कारण लिहायचं होतं.
बाविसाव्या ओळीपुढे तिने लिहिलं :
वाचणाऱ्याची चूक.
आणि खाली सही केली,
पूर्ण नावाची.