पाहुणा सदस्य

उदगीरच्या मोंढ्यामागं, बंद पडलेल्या दाळमिलीत
दर रविवारी नेमबाजी चालते.
आत अजून तुरीचं टरफल उडतं,
कुणाला शिंक आली की सगळ्यांच्या बंदुका खाली.

मी भालकीचा. तराजू दुरुस्त करतो.
वय पन्नास, एक कान जरा कमी,
बंदूक धरली ती जत्रेत, फुगे फोडायची.
काट्याच्या स्प्रिंगा घ्यायला आलो होतो,
चांगल्या कानानं तो आवाज ऐकला.
ठो नाही, फट् नाही,
कुणी ओठ मिटून नुसतं "प" म्हणावं तसा.
स्प्रिंगा राहिल्याच.

पेद्देसरांनी वही उघडली.
"नाव?"
धुळप्पा बेलुरे.
"राज्य?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
सोयरीक विचारतात, जात आडून विचारतात.
बहीण इथंच दिलीय, भाऊबीजेला येतो,
कमालनगर सुटलं की पुढं कुठंतरी
दगडावरचं कानडी नाव मराठी होतं.
गाव तेच. ऊन तेच.
शेतातली तूर तर दोन्हीकडं एकाच वाऱ्यानं वाकते.

किलो मात्र बदलतो.
म्हणजे वजन तेवढंच, पण शिक्का वेगळा;
आमच्या इन्स्पेक्टरनं ठोकलेला इकडं चालत नाही.
हे सांगितलं तर सर हसले,
"इथंही तसंच बगा. पाहुणा सदस्य. चार रविवार.
जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव नाही.
आणि पाहुण्याचे गुण पेन्सिलीनं."

शिकवायला नुजहत. बारावी सायन्स,
स्कार्फ जाड जॅकेटात खोचलेला.
"काका, पाय असे कामून ठेवलाव?
पोतं उचलायचंय का?"
मग श्वास शिकवला:
घ्यायचा, अर्धा सोडायचा,
उरलेला आत ठेवायचा, उसना आणल्यासारखा.

हे मला येत होतं.
सराफाच्या काट्यापाशी फुंकर गेली तर
गुंजेचा फरक पडतो.
तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सोन्यासमोर
असाच अर्ध्या श्वासावर उभा आहे.

दहा मीटर. काळा ठिपका.
त्याच्या पोटात दहाचा आकडा, मोहरीहून बारीक.
दहा छर्रे.

दोरीवरून कार्ड सरकत जवळ आलं.
मधोमध कोरं.
सगळी भोकं खाली डावीकडं, एकात एक,
मुंग्यांनी तिथंच घर केल्यागत.
मागं एक पोरगं फिसकन हसलं.
नुजहतनं कार्ड पत्र्याच्या फटीतल्या उजेडाला धरलं.
"हात नाही चुकला, काका.
बंदूक दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली आहे."

आता तिला काय सांगू, हे तर माझंच बोलणं.
गिऱ्हाईक ओरडत येतं, काटा खोटा आहे म्हणून.
मी म्हणतो, खोटा नाही, सरकलाय.
खोटा दर वेळी वेगळं सांगतो.
हा एकच चूक पुन्हा पुन्हा करतो,
म्हणजे इमानी आहे.

तिनं बाजूची चकती फिरवली.
कट्. कट्.
थोडं थांबून अजून एक.

दुसऱ्या कार्डावर एक दहा.
एक भिंतीत, त्याचा हिशोब नाही.
बाकीचे आसपास, कुणी बसा म्हणायची वाट बघत.
एक्काहत्तर.

सरांना पेन्सिल सापडेना.
नुजहतनं कंपासमधली दिली, टोकाशी चावलेली.
सर लिहितात ते फार दाबून,
सवय असेल, नाहीतर पेन्सिल बोथट असेल.
चहा येईपर्यंत मी सहज पान उलटलं.
पुढचा रविवार. तारीख घातलेली,
खाली अजून कुणाचंच नाव नाही.
तिथं एक्काहत्तर उठलेला.
दिसत नाही,
बोट फिरवलं की लागतो.